साताऱ्याचा दरबार आणि मिरजेचा दवाखाना

कृष्णाकाठच्या मुलुखात धर्माचे अवडंबर आणि धर्माचे आचरण यांतला भेद उकलून दाखवण्यासाठी परदेशी उपदेशकाची गरज कधीच नव्हती. सज्जनगडावर देह ठेवणाऱ्या समर्थांनी दासबोधात पढतमूर्खाची लक्षणे इतक्या बारकाईने नोंदवून ठेवली आहेत की, एखाद्या चाणाक्ष फौजदाराने केलेला तो पंचनामाच वाटावा. आणि तुकोबांनी टिळामाळांच्या आडून पोट भरणाऱ्यांची जी हजेरी घेतली, ती तर या भागातल्या निरक्षर कुणब्यालाही तोंडपाठ असते. अशा भूमीत एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर ख्रिस्ती धर्म येऊन पोहोचला, तेव्हा त्याला जोखण्याचे माप लोकांच्या हाती आधीपासूनच तयार होते. नव्या धर्माचा देव कोण, त्याचे शास्त्र काय, हे प्रश्न मागाहूनचे. अमका मनापासून बाटला की पोटासाठी, हा प्रश्न पहिला.

लोकांनी ख्रिस्ती माणसाला जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न येशूने आपल्या शिष्यांना अधिक कठोरपणे विचारून ठेवला होता. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्यापासून सातव्यापर्यंतच्या अध्यायांत जे डोंगरावरील प्रवचन आहे, त्याचा मधला अध्याय सुरू होतो तो याच विषयाने. दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवून वर्दी देऊ नये, प्रार्थना चव्हाट्यावर उभे राहून न करता खोलीचे दार लावून करावी, उपास असेल त्या दिवशी सुतकी चेहऱ्याने न हिंडता डोक्याला तेल लावून आणि तोंड धुऊन चारचौघांत मिसळावे, अशी ती शिकवण आहे. आणि लोकांनी पाहावे म्हणून जे केले त्याचे वेतन लोकांच्या पाहण्यातच चुकते झाले, मागण्यासारखी बाकी काही उरली नाही, असा तिचा रोखठोक हिशेब आहे. मात्र याच प्रवचनात थोडे आधी, दिवा लावून तो मापाखाली झाकून ठेवू नये, घरातल्या सर्वांना त्याचा उजेड मिळावा, असेही सांगितले आहे. दार लावून घेण्याची आज्ञा आणि दिवा उघड्यावर ठेवण्याची आज्ञा एकाच तोंडून आल्यामुळे प्रामाणिक ख्रिस्ती माणसाची जी ओढाताण होते, तिचा कायमचा निकाल कोणत्याही धर्मपंडिताने आजवर लावलेला नाही.

आजही ही ओढाताण पाहायची असेल तर फार दूर जावे लागत नाही. सुगीच्या सणाला गावच्या ख्रिस्ती मंडळीत लोक ज्वारीची कणसे, भुईमुगाच्या शेंगा, उसाची मोळी, कोंबडी, अंडी असे काहीबाही घेऊन येतात. उपासना आटोपली की बाहेरच्या मांडवात या जिनसांचा लिलाव होतो, आणि अर्ध्या डझन अंड्यांना बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते. बोली चढवणारा मनुष्य मंडळीच्या कामाला पैसा देत असतो हे खरे, पण भावकीतल्या प्रतिस्पर्ध्याकडे तिरप्या नजरेने पाहून तो बोली चढवतो हेही तितकेच खरे. त्याच सकाळी दानाची थैली बाकांमधून फिरत असते, आणि एखादी म्हातारी मूठ मिटलेली तशीच थैलीत घालून उघडते, म्हणजे शेजारणीलाही आत काय पडले ते कळत नाही. वर छताला टांगलेल्या पंख्यांच्या पात्यांवर ‘अमक्यांच्या स्मरणार्थ’ असे तांबड्या रंगात लिहिलेले असते. पंखा बंद असला म्हणजे नाव वाचता येते पण वारा लागत नाही, आणि वारा लागू लागला की नाव दिसेनासे होते. हा प्रकार काही ख्रिस्ती देवळांपुरताच नाही. आपल्याकडे देऊळ, शाळा, धर्मशाळा, एसटीचा थांबा, कशालाही दात्याच्या नावाच्या फरशीवाचून पूर्णत्व येत नाही.

ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला मात्र संशयाचा भार अधिक आला, आणि त्याची कारणे इतिहासात आहेत. मिशन म्हणजे नुसता उपदेश नव्हता. मिशन म्हणजे शाळा, वसतिगृह, कंपाउंडातले घर आणि दरमहा पगार. १८९९-१९०० च्या दुष्काळात महाराष्ट्रात अन्नान्नदशा झाली असताना मिशनच्या कामांवर आणि अनाथगृहांत ज्यांना आसरा मिळाला, त्यांतले पुष्कळ पुढे ख्रिस्ती झाले, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा शेरा त्यांच्या नावापुढे कायमचा बसला. या शेऱ्यात तथ्य मुळीच नव्हते असे म्हणता यायचे नाही. पण तो मारणाऱ्यांनी न्याय केला असेही मला वाटत नाही. उपाशी मनुष्य भाकरी देणाऱ्याच्या दारी जातो यात कसलाही दंभ नाही, कारण आपण भुकेलेले आहोत हे तो लपवत नाही. दंभाला सवड लागते, आणि ती भरल्या पोटी मिळते. ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, त्यांनी माणूस म्हणून वागवणाऱ्या धर्माकडे धाव घेतली तर तिला पोटाची धाव म्हणणे हे पाहणाऱ्याच्या सोयीचे होते. खरी लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच, ती म्हणजे नव्या धर्मात आल्यावरही पूर्वीच्या जातींचे अंतर पुष्कळ ठिकाणी पंगतीत आणि सोयरिकीत राखले गेले. प्रभुभोजनात एका भाकरीचे तुकडे घ्यायचे आणि लग्न ठरवताना मूळ जात विचारायची, हा विसंगत व्यवहार मिशनऱ्यांनाही पुरता मोडता आला नाही.

या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेला आणि शेवटी साताऱ्यात येऊन स्वतःपुरते त्याचे उत्तर काढणारा मनुष्य म्हणजे नारायण वामन टिळक. ‘केवढे हे क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ लिहिणारे कवी म्हणून त्यांना आपण ओळखतो. पण त्यांच्या धर्मजीवनाची कथा कवितेपेक्षा कमी वाचनीय नाही. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगाव येथे चित्पावन घरात त्यांचा जन्म झाला. शिक्षण अर्धवट, वृत्ती अस्वस्थ, संस्कृतचा व्यासंग दांडगा, आणि एका गावी पाय ठरेल तर शपथ, असा हा गृहस्थ १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला निघाला असता रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्याची गाठ पडली. बोलणे धर्माकडे वळले, आणि निरोप घेताना त्या अनोळखी प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांनी तो शब्द दिल्यामुळे वाचायला घेतला, पण डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना तो खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही गोऱ्या मिशनऱ्याच्या नव्हे तर एतद्देशीय पाळकाच्या हातून.

पोटासाठी बाटला, हा आरोप टिळकांना लागू करणे कठीण होते. कारण या व्यवहारात त्यांच्या पदरात पडले ते नुकसानच. जात गेली, नातलग गेले, आणि पत्नीही दुरावली. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या. पुढे त्या नवऱ्याकडे अहमदनगरला आल्या तेव्हाही प्रारंभी वेगळे बिऱ्हाड करून, आपले पाणी आणि आपली चूल निराळी ठेवूनच. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही, ही त्यांच्या चरित्रातली एक मोठी गोष्ट आहे. आणि लक्ष्मीबाईंनीही नवऱ्याचा धर्म म्हणून तो स्वीकारला नाही, ही मला त्याहूनही मोठी वाटते.

त्यांचे माहेर आठवावे. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना त्यांच्या वडिलांचे सोवळे विसरणे शक्य नाही. बाजारातून आलेली जिन्नस पाण्याखाली गेल्याशिवाय त्या घरात येत नसे आणि मीठदेखील त्या धुण्यातून सुटत नसे. बाह्य शुद्धीच्या या वेडापायी घरातल्या बायकामुलांनी जे सोसले, ते लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. वाचणाऱ्याच्या मात्र घशाशी आवंढा येतो. अशा घरातून आलेल्या या बाईच्या मनातली उलथापालथ कोणाचे प्रवचन ऐकून झाली नाही. माणसामाणसांतली उच्चनीचता देवाने केलेली नसून माणसांनी केलेली आहे, हा विचार मनात घोळवता घोळवता त्यांनी आधी जातिभेद सोडला; कोणाच्याही हातचे खाईन, पिईन असे ठरवले, आणि मग १९०० साली राहुरीला बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी. धर्मांतर त्यांच्या वागण्यात आधी झाले आणि मंडळीच्या नोंदवहीत मागाहून चढले. पुष्कळांच्या बाबतीत हा क्रम उलटा असतो, आणि काहींच्या बाबतीत नोंदवहीच्या पुढे मजल जातच नाही.

दरम्यान टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये स्थिरावले होते. धर्मशिक्षणशाळेत शिकवणे, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन, पाळकपदाची दीक्षा, शेकडो उपासनागीते, असे त्यांचे काम चालले होते. त्यांची गीते आजही सातारा-सांगलीकडच्या मंडळीत ‘उपासना संगीत’ उघडून दर रविवारी म्हटली जातात. घरात माणसांची वर्दळ अशी की, बालकवी ठोमरे त्या घरात घरच्या मुलासारखे राहिले. आणि देण्याची सवय अशी की, यजमानाच्या हाती पगार आला म्हणजे तो घरापर्यंत पोहोचेल याची गृहिणीला खात्री नसे. पण टिळकांचे मन या स्थिरपणात रमेना. महाराष्ट्रातला ख्रिस्ती मनुष्य परदेशी चालीरीतींचे जोडे घालून हिंडतो, परदेशातून आलेल्या पैशावर धर्मकार्य करतो, आणि त्यामुळे त्याच्या श्रद्धेला देशी मातीचा गंध येत नाही, ही त्यांची जुनी खंत. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. आणि अभंग, भजन, कीर्तन ही साधने त्यांना परकी वाटण्याचे कारणच नव्हते. धर्मोपदेशाचा पगार घेणारा मनुष्य कितीही प्रामाणिक असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात पगाराची शंका राहतेच, आणि कालांतराने ती स्वतः उपदेशकाच्या मनातही शिरते, हे त्यांना अधिकाधिक बोचू लागले.

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतल्याचे जाहीर केले, आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. १८४८ मध्ये छत्रपतींचे संस्थान इंग्रजांनी खालसा केल्यापासून या शहराला खरा दरबार राहिलेला नव्हता. तेथे एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या कवीने असा दरबार भरवला की ज्यात मानकरी नाहीत, बिरुदे नाहीत आणि इनामे तर नाहीतच. या बंधुवर्गात बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्तशिष्यांना जागा होती तशी बाप्तिस्मा न झालेल्यांनाही होती. आज हे वाक्य आपण सहज वाचून जातो, पण त्या काळच्या मिशनच्या दृष्टीने ते साधे नव्हते. बाप्तिस्मा हा मंडळीत येण्याचा दरवाजा. वर्षाकाठी किती बाप्तिस्मे झाले, त्याचे आकडे मिशनच्या अहवालांत जात. टिळकांनी तो दरवाजा पाडला नाही, स्वतः त्यातून गेल्याचा त्यांना पश्चात्तापही नव्हता. पण जो मनुष्य ख्रिस्ताच्या मागे चालू पाहतो त्याला, तू आधी कोणत्या रजिस्टरात आहेस ते सांग, असे विचारण्याचे त्यांनी नाकारले. बाहेरच्या खुणेवरून आतल्या श्रद्धेची मोजदाद करू नये, या तत्त्वाला त्याहून थेट स्वरूप देणे क्वचितच कोणाला जमले असेल.

येथे एक शंका घेतल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. संन्यास हीदेखील एक खूणच आहे, आणि महाराष्ट्राच्या डोळ्यांना ती पगारदार पाळकाच्या काळ्या झग्यापेक्षा कितीतरी अधिक आकर्षक दिसते. सोडल्याचा डांगोरा पिटला म्हणजे सोडणे हेच मिळवणे होऊन बसते. टिळकांच्या स्वभावात नाट्य होते, उतावीळपणा होता, आणि संताप तर जगजाहीर होता. तेव्हा त्यांच्या संन्यासात प्रदर्शनाचा अंश अजिबात नव्हता असे छातीठोकपणे सांगणारा मी कोण? पण हा संन्यासी बायकोमुलांना टाकून गेला नाही. संसार तसाच चालू राहिला आणि त्याची ओढग्रस्त लक्ष्मीबाईंनी पूर्वीप्रमाणेच सांभाळली. एवढेच नव्हे, तर ती ओढग्रस्त आणि त्या संन्याशाचा संताप त्यांनी पुढे ‘स्मृतिचित्रां’त जसा होता तसा लिहूनही ठेवला. पतीच्या देवत्वाची आरास मांडण्याची सगळी साधने हाताशी असताना या बाईने त्यांचे विसराळूपण, हट्ट, रागाचे झटके आणि लहान मुलासारखा पश्चात्ताप यांचे चित्र काढले. आपली स्वतःची भांडणे आणि फजितीही त्यातून वगळली नाही. ख्रिस्ती धर्मात पापकबुलीला मोठे स्थान आहे. पण पापकबुलीचाही एक साचा होऊन जातो आणि तो प्रार्थनेत घोकता येतो. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात तो साचा नाही. मराठी ख्रिस्ती साहित्यात प्रामाणिकपणाचा एवढा निर्भेळ दस्तऐवज मला दुसरा ठाऊक नाही, आणि त्यात धर्मोपदेश शोधू जाल तर फारसा सापडत नाही.

साताऱ्याहून कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली आले म्हणजे सांगली आणि मिरज लागतात, आणि तेथे याच श्रद्धेने अगदी निराळा मार्ग धरलेला दिसतो. विल्यम वानलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर १८८९ साली सांगलीस आला, तेथे त्याने औषधे देण्यास प्रारंभ केला, आणि मग मिरजेस मुक्काम हलवला. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले. इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स या आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या धनिकाकडून आला होता. टिळकांना जी परदेशी पैशाची अडचण बोचत होती, तिच्यावरच हे सगळे उभे राहिले, असे कोणी म्हटले तर ते नाकारता येणार नाही. परंतु १८९७ पासून तेथे वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग भरू लागले आणि त्यांतून इथलीच मुले शिकून डॉक्टर म्हणून बाहेर पडली. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे कोकण, कर्नाटक, गोवा, सगळीकडून रोगी येत; डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलेला म्हातारा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आत जाई आणि काही दिवसांनी मुलाच्या पुढे चालत बाहेर पडे. शस्त्र हाती घेण्यापूर्वी वानलेस प्रार्थना करीत. पाहणाऱ्याला ते प्रदर्शन वाटू शकले असते. पण टेबलावर पडलेल्या रोग्याच्या जवळ, त्याच्या जिवाची जोखीम आपल्या हातात असताना केलेली प्रार्थना ही चव्हाट्यावरची प्रार्थना कशी म्हणावी? खेरीज, प्रार्थनेनंतर हात नीट चालला की नाही, याची परीक्षा तिथल्या तिथे होत असे. धर्माच्या फार थोड्या कृत्यांना एवढी कडक आणि तातडीची कसोटी लागते.

मिरजेच्या परिसरात आजही लोक त्या संस्थेला ‘मिशन हॉस्पिटल’ म्हणून ओळखतात, आणि मिरज वैद्यकीय नगरी झाली तिचा पाया तेथे घातला गेला, हे त्या धर्माशी काडीचा संबंध नसलेले लोकही मान्य करतात. क्षयरोग्यांसाठी सांगली आणि मिरज यांच्या मधल्या मोकळ्या माळावर आरोग्यधाम उभे राहिले, आणि त्या वस्तीचे नावच वानलेसवाडी पडले. १९२८ साली, निवृत्त होण्याच्या वर्षीच, सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. हा दिवा उघड्यावर ठेवलेला होता, त्याला नाव होते, किताब होता, अहवाल होते. आणि तरीही ज्या कुटुंबातला मनुष्य तेथून डोळस होऊन परतला, त्याला त्या सगळ्याचा काच कधी झाला असेल असे वाटत नाही. टिळकांचा मार्ग अधिक शुद्ध आणि वानलेस यांचा अधिक मळलेला, अशी मांडणी करणारे आढळतात. मला ती पटत नाही. संस्था उभारायची म्हणजे हिशेब, देणगीदार आणि नावाच्या पाट्या आल्याच. त्यांच्यामुळे श्रद्धा खोटी होत नाही, फक्त ती खरी ठेवण्याचे काम रोजच्या रोज करावे लागते.

साताऱ्याच्या दरबाराला मात्र तेवढा अवधी मिळालाच नाही. टिळकांची प्रकृती ढासळली, त्यांना मुंबईस नेले, आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. साताऱ्यातल्या त्या बंधुवर्गाची घडी त्यांच्यामागे फार दिवस टिकली नाही. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते; शाळेचे तोंड जवळजवळ न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः रचून पुरा केला. मरण्यापूर्वी टिळकांनी इच्छापत्र करून ठेवले होते. आपल्या देहाचे ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे दफन न करता या देशाच्या चालीप्रमाणे दहन करावे अशी इच्छा त्यात होती; आणि आपल्या नावामागे ‘रेव्हरंड’ किंवा ‘मिस्टर’ असले कोणतेही उपपद लावू नये, असेही त्यांनी बजावले होते. दहनाची इच्छा लोकांनी पाळली. नावाच्या बाबतीत मात्र मराठी पाठ्यपुस्तकांनी, कवितासंग्रहांनी आणि आपण सर्वांनी मिळून त्यांना आजतागायत ‘रेव्हरंड टिळक’च ठेवले आहे.